वीस अंश

यावलच्या आयटीआयत अठ्ठावीस वर्षं टर्नर शिकवतोय.
पत्र्याच्या शेडखाली बटाल्याची सहा लेथ,
त्यातली दोन बाकीच्यांच्या पार्टसाठी उघडून ठेवलेली.
मग कंपनी आली.
मूळची लांबच्या देशातली, पण जळगावच्या एमआयडीसीत
व्हॉल्व्ह बनवते, आणि त्याला लागणारे हात
तिला इथेच घडवून हवे होते.

तीन महिन्यांत खोली उभी राहिली,
पांढऱ्या फरशीची, चपला बाहेर काढायची.
आत नवी सीएनसी, भिंतीवर एकच आकडा: वीस.
त्यांचा हाइनर बोलला, नेहेते मॅडमनी मराठीत आणलं:
जगात कुठेही मोजा,
माप वीस अंशालाच खरं.

बाहेर सेहेचाळीस होतं.
हुस्ना तडवीने हळूच विचारलं,
"सर, मशीनले ऊन लागतं का हो?"
लागतं, म्हटलं. माणसाच्या आधी लागतं.

मे महिन्यात वेल्डरची पोरं, वायरमनची पोरं,
शिपाई फालकसुद्धा
त्या दाराच्या फटीशी बसून डबा खायचे.
कळण्याची भाकरी, ठेचा,
आणि पायाच्या बोटांना लागणारी
कंपनीची गार हवा.

मलाही पुण्याला पाठवलं दहा दिवस.
माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा
मला शून्य कसं लावायचं ते दाखवत होता.
मी कानाने शिकलेला माणूस,
चिप निळी पडली की वेग उतरवणारा.
त्या काचेमागे ना आवाज येतो ना वास.
पण तीनशे नगांतला तीनशेवा
अगदी पहिल्यासारखा निघतो.
मला हे जन्मात जमलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

बत्तीस जणांनी परीक्षा दिली, अकरा लागले.
लोटन कोळी लागला नाही.
पडद्यावरचे प्रश्न इंग्रजीत होते,
आणि तो त्यांच्याकडे
लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखा बघत राहिला.
पुढच्याच आठवड्यात एसी बसला.
कंपनीचा मेकॅनिक नाशिकहून परवा येणार होता,
मशीन लाल दिवा लावून रुसलेलं.
लोटनच गच्चीवर चढला,
बाहेरच्या डब्यावर ओलं गोणपाट टाकलं,
दर अर्ध्या तासाला बादली ओतली,
दोन दिवस.
खाली आकडा बावीसवर अडला, मग एकवीस.
वहीत त्याची सही घेतली ती
"अभ्यागत" या रकान्यात.
आता तो फैजपूरला फ्रिज दुरुस्त करतो. बरं चाललंय म्हणतो.
मी विचारत नाही किती बरं.

हुस्ना परसाड्याहून पाच-दहाच्या एसटीने निघते,
निळा ड्रेस, पायात पोलादी टोपीचे बूट.
करार अकरा महिन्यांचा, पुढचं पुढे.
पहिल्या पगारात घरी कूलर आला.
बाप त्याच्यासमोर बसत नाही,
सर्दी होते म्हणतो,
पण आल्यागेल्याला चालू करून दाखवतो.

परवा रविवारी ती शेडमध्ये आली.
रुमालात गुंडाळलेली एक पिन,
तिने स्वतः काढलेली, पन्नास मिलिमीटर,
तिकडच्या कागदावर पास झालेली.
"मोजा ना सर."

मी म्हटलं, थांब. जेवून घे आधी.
पिन माझ्या जुन्या मायक्रोमीटरशेजारी
त्याच लोखंडी टेबलावर ठेवली.
दोघांना सारखाच पत्रा, सारखीच झळ.
तिने डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली,
कंपनीतल्या कॅन्टीनची भाजी कशी अळणी असते ते सांगितलं,
हाइनर शेवभाजी खाऊन कसा रडला तेही.

पाऊण तासाने उचलली.
पिन तापून फुगली होतीच,
पण माझा मायक्रोमीटरही पोलादाचा,
तिच्यासोबत तेवढाच फुगलेला.
रॅचेट तीनदा कटकटलं.

पन्नास, वर काही नाही, खाली काही नाही.

"पण सर, इथं तर वीस अंश नाहीत,"
ती म्हणाली.
मी चष्मा पुसत होतो.
"पुन्हा मोज," म्हटलं,
"ह्या वेळी तू."